दीड रुपयाचा अंक

पालीच्या तलावापासून कोसभर आत मस्केवस्ती आहे. तिथल्या दूध संस्थेचा सचिव त्रिंबक मस्के. सकाळी सहाला शटर वर करायचं, आलेल्या दुधात लॅक्टोमीटरची काडी बुडवून डिग्री बघायची, फॅट काढायचं, माप घ्यायचं आणि नऊच्या आत कॅन बीडच्या गाडीत चढवून द्यायचे, हे काम तो एकवीस वर्षं करत आला होता. वय सत्तेचाळीस. दोन्ही मुली सासरी. घरात तो, बायको विमल आणि त्याचे वडील गहिनीनाथ. वडिलांना घरचे आणि वस्तीवरचे सगळे आण्णाच म्हणत.

गोठ्यात पाच संकरित गायी होत्या. त्या विमलच्या. पहिली कालवड तिनं माहेराहून, लिंबागणेशहून आणली होती आणि बाकीच्या चार त्याच गायीच्या वेतातल्या. गोठा म्हणजे तरी काय, चार मेढी आणि वर फाटकी ताडपत्री. संस्थेत सगळ्यात जास्त दूध तिचं यायचं. नवरा सचिव असूनही ती कॅन घेऊन रांगेत उभी राहायची, कधी पुढं घुसली नाही.

दोन हजार सतरा साली सडक चौपदरी झाली आणि मस्क्यांची सडकेला लागून असलेली सव्वा एकर जमीन त्यात गेली. सरकारकडून मावेजा, म्हणजे भरपाई, आली अडतीस लाख. आण्णांनी एवढा पैसा आयुष्यात पाहिला नव्हता, पण ते गांगरले नाहीत. एका दुपारी बाजेवर बसून त्यांनी वाटणी करून टाकली. दोन्ही नातींना तीन-तीन लाख. वीस लाख बीडच्या एका मल्टिस्टेट सहकारी संस्थेत ठेव म्हणून. तिथं चौदा टक्के व्याज होतं आणि भावकीतलाच एक जण एजंट होता. राहिलेले बारा लाख त्यांनी त्रिंबकच्या खात्यावर टाकायला लावले.

"पक्का गोठा बांध," आण्णा म्हणाले. "आन् तलावाच्या अंगानं हीर घेऊन पाईपलाईन आण. विमलच्या गाया उनात उभ्या ऱ्हातेत, ते मला बगवत न्हाई."

त्रिंबकनं मान हलवली. त्या दिवशी त्याचा इरादाही तोच होता.

आता त्याच्या वेडाबद्दल सांगायला हवं. आठवीला तो बीडमध्ये वसतिगृहात राहून शिकत होता. तेव्हा 'वावटळ्या' नावाची रंगीत चित्रकथा पुण्याहून निघायची. महिन्याला एक अंक, किंमत दीड रुपया. माळरानावर धुळीची वावटळ उठली की तिच्यातून एक तोंडाला फडकं बांधलेला घोडेस्वार बाहेर यायचा आणि गांजलेल्यांच्या बाजूनं उभा राहायचा. त्रिंबक सकाळचा नाश्ता सोडून पैसे साठवायचा आणि बसस्टँडजवळच्या गाड्यावरून अंक घ्यायचा, नवे नाही मिळाले तर जुने. असे तेवीस अंक त्यानं जमवले. सहामाहीत तो गणितात नापास झाला तेव्हा आण्णा वसतिगृहात आले, ट्रंक उघडली, तेवीसच्या तेवीस अंक काढले आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याला भजी बांधायला देऊन टाकले. त्रिंबक तेव्हा काही बोलला नाही. पुढं ती चित्रकथा बंद पडली. एकूण बासष्ट अंक निघाले होते, हे त्याला खूप नंतर कळलं.

कळलं ते फोनवर. मोठ्या मुलीनं त्याला फोन घेऊन दिला, फेसबुक लावून दिलं आणि फिरता फिरता एका दुपारी त्याला जुन्या अंकांचा एक गट सापडला. तिथं कुणीतरी वावटळ्याच्या अकराव्या अंकाचं मुखपृष्ठ टाकलं होतं. संस्थेच्या खुर्चीत बसलेला त्रिंबक ते चित्र बघून उठून उभा राहिला. त्या अंकातलं शेवटचं पान त्याला तोंडपाठ होतं. त्यानं तसं लिहिलं. खाली लोकांनी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? तो सांगत गेला. कुठल्या अंकात घोड्याचा रंग चुकून बदलला होता, कुठल्या अंकाच्या मलपृष्ठावर साबणाची जाहिरात होती. पंधरा दिवसांत त्या गटातले लोक त्याला 'मस्के सर' म्हणायला लागले. मराठी चित्रकथांबद्दल काही अडलं की पुण्याची, नागपूरची, परदेशातली शिकलेली माणसं विचारायची, "मस्के सर काय म्हणतात?" वस्तीवर त्याला आजवर कुणी सर म्हटलं नव्हतं.

पहिला अंक त्यानं चारशे रुपयांना घेतला. कुरियरचं पाकीट संस्थेतच फोडलं आणि कागदाचा वास घेतला. मग आठशेचा, मग दोन हजारांचा. गटात बोली लागायची. वर वर जाणारा आकडा बघताना त्याच्या कानशिलात ठोके पडायचे, आणि शेवटची बोली आपली ठरली की सगळा दिवस अंगात वारं भरल्यासारखं वाटायचं. मावेजा आल्यावर आकडे पाच हजार, दहा हजार, पंचवीस हजार असे झाले. मूळ चित्रांची काही पानं निघाली, ती त्यानं एकगठ्ठा दीड लाखाला घेतली. इतर जुन्या चित्रकथांचे दुर्मीळ अंकही घेतले, कारण गटात सगळे म्हणत होते की हे पुढं सोन्यासारखं चढणार. गोठ्याचा गवंडी दोनदा येऊन गेला. "दिवाळीनंतर बगू," त्रिंबक म्हणाला. दिवाळीनंतर म्हणाला, "गुढीपाडव्यानंतर." विमलला त्यानं सांगितलं होतं की पैसे फिक्समध्ये आहेत, मोडले तर नुकसान होईल. एवढंच तो सरळ खोटं बोलला. बाकी कुणी विचारलंच नव्हतं.

अंक तो आतल्या खोलीत, धान्याच्या कणगीशेजारी, लोखंडी कपाटात ठेवायचा. प्रत्येक अंक पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत, मागं पुठ्ठा. एकदा विमलनं ज्वारीत घालायला आणलेला कडुलिंबाचा पाला मूठभर त्या कपाटातही टाकला. कसर लागू नये म्हणून. त्रिंबक असा ओरडला की ती दारातच थबकली. पानांचे डाग पडतात, एवढंच त्याचं म्हणणं होतं. जुनी पुस्तकं म्हणून तिनं सोडून दिलं. नवरा दारू पीत नव्हता, पत्ते खेळत नव्हता. पुस्तकांचं वेड तिला वाईट वाटत नव्हतं.

बासष्टपैकी एकसष्ट अंक जमले. सातवा मिळेना. सातव्या अंकाच्या वेळी छापखान्यात पाणी शिरून अर्ध्याहून जास्त प्रती भिजल्या होत्या, म्हणून तो कुणाकडंच नव्हता. दोन हजार अठराच्या श्रावणात पुण्याच्या पेंडश्यांनी, गटातल्या सगळ्यात जुन्या जाणकारानं, आपल्याकडचा सातवा अंक विकायला काढला. कोल्हापूरच्या एका डॉक्टरनं पन्नास हजार म्हटलं. अमेरिकेतल्या एका पोरानं साठ. त्रिंबक संस्थेच्या मागच्या लिंबाखाली उभा राहून आकडे टाकत होता. त्यानं एक लाख दहा हजारांचा आकडा टाकला तेव्हा ते दोघं थांबले.

पाकीट आलं त्या दिवशी त्रिंबक बीडला सभेला गेला होता. कुरियरवाल्यानं विमलची सही घेतली. पाकिटावर विम्याची चिठ्ठी होती आणि तिच्यावर रक्कम लिहिलेली. विमल सातवीपर्यंत शिकलेली. तिनं आकडा दोनदा वाचला. नवऱ्यानं आपल्यासाठी गुपचूप काहीतरी सोन्याचं घडवून घेतलं, असं तिला वाटलं. आपण आधी बघितलं तर त्याचा विरस होईल म्हणून तिनं पाकीट तासभर तसंच ठेवलं, मग राहवेना म्हणून फोडलं.

त्रिंबक आला तेव्हा ती ओसरीवर बसली होती. अंक मांडीवर होता.

"ह्याच्यावर दीड रुपया लिव्हलंय," ती म्हणाली.

"ते तवाचं."

"आन् आताचं?"

त्यानं चपला काढून कोपऱ्यात सरकवल्या. मग म्हणाला, "एक लाख धा हजार."

ती आधी हसली. चिठ्ठी तिच्याजवळच होती, तरीही नवरा मस्करी करतोय, काहीतरी घोळ झालाय, असंच तिला वाटत होतं. तो हसला नाही हे बघून तिचं हसू हळूहळू उतरलं.

"आसे किती हायेत आत?" तिनं विचारलं.

"हे बग, हे गुंतवणूक हाय. जमीन काय देती? बँक काय देती? ह्याचा भाव वरसाला दुप्पट होतो..."

"किती हायेत म्हन्ते मी."

"नऊ लाखाच्या वर गेलेत," त्रिंबक म्हणाला. खरा आकडा साडेदहाच्या घरात होता. तेवढं त्याच्या तोंडून निघालं नाही.

विमलनं अंक उचलून बाजेवर ठेवला, अगदी जपून, जसं परक्याचं तान्हं मूल ठेवावं. मग ती उठून गायींकडं गेली. धारेची वेळ झाली होती.

आण्णांना कळलं ते दुसऱ्या दिवशी. त्यांनी वस्तीला ऐकू जाईल एवढा आवाज चढवला. "रद्दी! माझ्या जिमिनीची रद्दी केली ह्या गधड्यानं! लेकरं बगतेत ती चित्रं, लेकरं! तू सत्तेचाळीस वरसाचा घोडा!"

त्रिंबक खाली मान घालून ऐकत होता. मग अचानक म्हणाला, "आण्णा, तुमी माझे तेवीस अंक भज्याच्या हाटेलात दिल्ते."

"कवा?"

"मी आठवीत व्हतो तवा. बीडला."

आण्णांनी खरोखर आठवून बघितलं. कपाळाला आठ्या पडल्या. "मला तर आठवत बी न्हाई," ते म्हणाले. आणि ते खरं होतं, हे त्रिंबकला त्यांच्या तोंडाकडं बघून कळलं. चौतीस वर्षं जी गोष्ट त्याच्या आत होती, ती दुसऱ्या कुणाकडं नव्हतीच.

त्या साली पाऊस गोकुळाष्टमीनंतर परत फिरकलाच नाही. दसऱ्याला तलावाच्या मधोमध चिखलाला भेगा दिसायला लागल्या. ज्वारी हातभर वाढून वाळली. दिवाळीत सरकारनं दुष्काळ जाहीर केला आणि कडब्याचा भाव शेकडा पंचवीसशे, मग तीन हजार, मग साडेतीन हजारांवर गेला. संस्थेत दूध रोज घटत होतं. त्रिंबकच्या खात्यावर उरलेला दीड लाख विमलनं काढून घेतला आणि तो गायींच्या तोंडी गेला. कडबा, उसाचे वाढे, पेंड, आठवड्याला एक टँकर. जानेवारी लागेपर्यंत त्यातलं काहीच उरलं नाही. सरकारी चारा छावणी उघडणार, उघडणार, असं सगळे म्हणत होते. तारीख कुणी सांगत नव्हतं.

आण्णांना फिकीर नव्हती. ठेवीच्या पावत्या त्यांच्याजवळ होत्या. "लागलं तर यक पावती मोडू," ते म्हणायचे. "हे माझं सरकारी मोहरेचं काम हाय. पुस्तक न्हाई."

संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी ते पावती मोडायला बीडला गेले, त्रिंबकला बरोबर घेऊन. मल्टिस्टेटचं शटर बंद होतं. समोर दोन-तीनशे माणसं. शटरवर एक कागद चिकटवलेला: तांत्रिक कारणास्तव व्यवहार काही काळ स्थगित. एजंटचा फोन लागत नव्हता. एक म्हातारी शटरला हात लावून उभी होती, जणू आतून कुणी उघडेल. आण्णांनी गर्दीत जाऊन कागद वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला. मग रस्त्याच्या कडेला बंद टपरीच्या फळीवर बसले.

त्यानंतर आठ दिवस ते रोज जीपनं बीडला जात आणि त्या शटरसमोर बसून संध्याकाळी परत येत. पोलिसांत तक्रार झाली, त्यांनीही इतरांच्या अंगठ्यांशेजारी सही केली. अध्यक्ष कुठं आहेत ते कुणाला माहीत नव्हतं. नवव्या दिवशी त्रिंबक त्यांना आणायला गेला. जीपमध्ये दोघं मागच्या बाकावर बसले होते. बीड शहर मागं पडलं. मग आण्णांनी खिडकीबाहेर बघतच विचारलं,

"त्रिंबका, तुझ्या पुस्तकाचं किती येतील रे?"

त्रिंबकला वाटलं होतं, ते कधीतरी टोमणा मारतील. टोमण्याची तयारी त्यानं करून ठेवली होती. पण म्हाताऱ्याच्या आवाजात आशा होती, आणि तिच्यापुढं काय करायचं हे त्याला समजेना.

"आठ-नऊ लाख कुटं न्हाई गेले, आण्णा," तो म्हणाला.

"मंग बरं," आण्णा म्हणाले, आणि त्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी कधी ठेवला नव्हता.

घरी येऊन त्रिंबकनं सगळे अंक अंथरुणावर मांडले, फोटो काढले आणि गटात टाकले. संपूर्ण संच, एक ते बासष्ट, सातव्यासकट. तासाभरात दीडशे लोकांनी बदाम टाकले. "सर, दर्शन झालं!" "असा संच महाराष्ट्रात दुसरा नाही!" "विकू नका सर, पुढच्या पिढीसाठी ठेवा!" बोली एकाचीही आली नाही. त्यानं किंमत आठ लाखांवरून सहावर आणली, मग चारवर. बदाम कमी होत गेले. शेवटी एकानं लिहिलं, सुटे देणार असाल तर चाळिसावा अंक तीनशेला घेईन.

"मी पुण्याला जाऊन येतो," त्रिंबक विमलला म्हणाला. "पेंडसे घेतील. तेच म्हन्ले व्हते, भाव पडनार न्हाई म्हून."

विमल गायींना वाढे टाकत होती. वाढे कसले, वाळलेली पातच. तांबड्या गायीच्या बरगड्या मोजता येत होत्या. "दोन दिवसाची वैरन हाय," ती म्हणाली. "दोन दिवसात या."

ट्रंक घेऊन तो एसटीनं पुण्याला गेला. पेंडसे सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहायचे. पंचाहत्तरीचे, बारीक, कानाला यंत्र लावलेले. त्यांनी त्याला प्रेमानं आत घेतलं, पोहे दिले, ट्रंकेतले अंक एकेक करून बघितले, आणि पिशवीतून न काढता परत ठेवले. खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत कपाटं होती. जमिनीवरही खोकी होती.

"मस्के, खरं सांगू का?" पेंडसे म्हणाले. "हे अंक घेणारं कोणी नाही."

"मागच्याच श्रावणात एक लाख धा..."

"हो. पण ती किंमत कोणी चढवली? गेली दोन वर्षं वावटळ्याची मोठी खरेदी करणारे तिघंच होतात. कोल्हापूरचे डॉक्टर, तो अमेरिकेतला मुलगा आणि तुम्ही. तिघं एकमेकांवर चढत होतात. डॉक्टर दिवाळीत गेले. ही खोकी त्यांचीच आहेत, त्यांच्या बायकोनं माझ्याकडे पाठवून दिली, म्हणाल्या, घरात जागा नाही. तो मुलगा आता घड्याळं जमवतो. राहिलात तुम्ही एकटे." ते थांबले. "तुम्हीच विकायला आलात, तर घेणार कोण?"

त्रिंबकनं पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"तुमी म्हन्ला व्हता, भाव पडनार न्हाई."

"मला तसंच वाटत होतं," पेंडसे म्हणाले. "खोटं नव्हतो बोललो. तुमच्या पैशांतून मी माझ्या बायकोच्या दवाखान्याचं बिल भरलं. ती राहिली नाही, ते वेगळं. थांबा तुम्ही. दहा वर्षं थांबा. कदाचित पुन्हा कोणाला तरी वेड लागेल."

रागवायला समोर माणूस असता तर त्रिंबकला बरं वाटलं असतं. हा म्हातारा तसा नव्हता. दहा वर्षं म्हटल्यावर त्याला दोन दिवसांची वैरण आठवली.

"सातवा ठिवून घ्या," तो म्हणाला. "काय द्यायचं ते द्या."

"डॉक्टरांनी मागून कुठून तरी मिळवलेला सातवा आलाय की माझ्याकडे."

"तरी घ्या."

पेंडसे गुडघ्यांवर हात टेकत उठले. मग आत गेले आणि अठरा हजार रुपये घेऊन आले. गरज म्हणून ते घेत नव्हते, हे दोघांनाही कळत होतं. त्रिंबकनं पैसे आतल्या खिशात घातले. सातवा अंक हातातून सोडताना त्याची बोटं पिशवीच्या कडेला जरा वेळ तशीच राहिली आणि पेंडश्यांनी नजर दुसरीकडं वळवली.

वस्तीवर तो पोचला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. ओसरीवर शेजारच्या छबुबाई बसल्या होत्या. त्या उठून घरी गेल्या. ताडपत्रीखाली पाचही दावी खुंट्याला गुंडाळून ठेवली होती.

विमल चुलीपाशी होती.

"आज नेकनूरचा बाजार व्हता," ती म्हणाली. "टेम्पोवाले बंकटभाऊ आलते. वैरन संपली सकाळीच. पुढच्या बाजाराला त्या उभ्या ऱ्हातील का न्हाई, कुनाला ठावं."

"कितीला?"

"पाची मिळून यक लाख." दुष्काळाच्या आधी तांबडी एकटीच सत्तरला मागितली होती. "तांबडी चढंना टेम्पोत. बंकटभाऊ म्हन्ले, तुमी म्होरं चला, मंग यील. मी चढले, तवा आली."

त्रिंबकनं खिशातून अठरा हजार काढून तिच्यासमोर धरले. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, हात पदराला पुसले आणि पैसे घेतले. कुठल्या अंकाचे म्हणून विचारलं नाही. थोड्या वेळानं तिनंच सांगितलं, "आण्णांनी सकाळपास्नं काय खाल्लं न्हाई. तुमची वाट बगतेत."

आण्णा आतल्या खोलीत पडून होते. त्रिंबक ट्रंक घेऊन दारात उभा राहिला. त्यांनी त्याच्या हातातल्या ट्रंकेकडं बघितलं. ती परत आलेली होती आणि जड होती, हे त्यांना तेवढ्यावरून कळलं. त्यांनी कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं.

छावणी उघडली ती त्यानंतर महिन्यानं. जनावरांच्या कानांत बिल्ले मारून लोकांनी दावणी लावल्या, ऊस मिळायला लागला, पाणी मिळायला लागलं. एवढी कळ काढली असती तर, असं घरात कुणीही म्हणालं नाही. विमल छावणीवर शेण भरायच्या कामाला जायला लागली. मल्टिस्टेटचं शटर उघडलं नाही. आण्णा आता बीडला जात नव्हते. पावत्या त्यांनी उशाखाली ठेवल्या होत्या. कपाटातले एकसष्ट अंकही कुणी हलवले नाहीत.

त्रिंबकनं गट सोडला नव्हता. सोडायचं म्हणून दोनदा फोन हातात घेतला होता. चैत्रात एकानं सातवा अंक टाकला, जरा डागाळलेला, सहा हजारांना. पेंडश्यांनी डॉक्टरांची खोकी विकायला काढली असणार. त्रिंबकनं 'मी घेतो' असं लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. तोवर दुसऱ्या कुणीतरी तो घेतला. त्या दिवशी त्याच्या छातीत जे दुखलं, तेवढं गायी गेल्या त्या दिवशीही दुखलं नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं. तो संस्थेच्या मागं जाऊन बसला. स्वतःची त्याला भीती वाटली.

संस्थेत दूध निम्म्यावर आलं होतं, पण शटर रोज सहाला उघडत होतं. उन्हाळ्यातल्या एका सकाळी माप घेता घेता त्यानं वर बघितलं तर रांगेत विमल होती. हातात घरची लहान बरणी. तिच्या पुढं चार जण आणि मागं छबुबाई. एवढे दिवस घरात बिनदुधाचा चहा चालला होता. आता पालीच्या डॉक्टरांनी आण्णांना दूध द्यायला सांगितलं होतं.

रांग सरकत ती पुढं आली. बाकीचे उगाच इकडंतिकडं बघायला लागले.

"अर्दा लिटर," ती म्हणाली, आणि पैसे फळीवर ठेवले.

त्रिंबकनं माप बुडवलं, बरणीत ओतलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं परत माप बुडवून थोडं वर ओतायला हात उचलला.

विमलनं बरणीवर हात ठेवला.

"संस्थेचं हाय ते," ती हळू आवाजात म्हणाली. "मापात असंल तेवडंच घाला."

त्यानं माप मागं घेतलं. तिनं झाकण लावलं, पदर सावरला आणि छावणीच्या वाटेनं न जाता आधी घराकडं वळली. दूध उन्हात नासायच्या आत तापवायचं होतं. छबुबाई पुढं सरकल्या, त्यांनी आपला कॅन फळीवर ठेवला. त्रिंबकनं त्यात काडी बुडवली आणि डिग्री बघायला खाली वाकला. डोळ्यांत पाणी आल्यानं त्याला आकडा दिसेना, म्हणून तो बराच वेळ तसाच वाकून राहिला, आणि मागच्या रांगेतलं कुणी घाई करा म्हणालं नाही.